चाळीस, ऐंशी

कोल्ह्यांवर काम करणारी मॅडम गेली तेव्हा
हा डबा आमच्या पडवीत राहिला.
विसरली, की विसरल्यासारखं केलं, कोण जाणे.
सोबत माशाच्या काट्यासारखा अँटेना
आणि एक कॉलर, तिच्या पट्ट्याला अजून
मेलेल्या कोल्ह्याचे चार केस.

तीन वर्षं मी हा काटा तिच्यामागे वागवला,
रोजी अडीचशे, भाकर आपली आपण.
टेकडीवर चढायचं, हात उंच करायचा,
जागच्या जागी सावकाश फिरायचं.
जिकडे आवाज भरेल तिकडे जनावर.

ती कॉलर मी झिपरीच्या गळ्यात बांधली.
मापाचं छिद्र नव्हतं, तापल्या खिळ्यानं पाडलं.
शेजारचा तुकेस म्हणाला,
'कुत्रीले नेकलेस काऊन घातला बे?'
पण झिपरी एकदा डुकरामागे लागली
की धुरा ओळखत नाही, नाला ओळखत नाही.
मागच्या हंगामात तीन दिवसांनी आली,
एक कान फाटका घेऊन.

बाबाला यंत्र कधी लागलं नाही.
त्याच्या काळात दारात चार कुत्री असत,
आणि सरकारचं रान
अजून पुरतं सरकारचं झालेलं नव्हतं.
बोडीच्या पाळीवर बसून तो नुसतं ऐकायचा:
हे साळिंदरावरचं, नाकातून येणारं.
हे तुटक तुटक, म्हणजे डुक्कर अडवलंय.
हे लांब ओढलेलं, उगाच, चंद्रावर.
एकदा काहीच ऐकू येईना
तेव्हा हळूच म्हणाला, 'बिबट.'

आता त्याला लग्नातला बँडही ऐकू येत नाही.
ओरडलं तर ओठांकडे बघतो
आणि भलत्याच प्रश्नाचं उत्तर देतो.

म्हणून एका सांजेला मी त्याचा हात धरून
स्पीकरच्या जाळीवर ठेवला.
टक्.
टक्.
टक्.
'झिपरी,' मी नुसत्या ओठांनी म्हणालो
आणि नाल्याकडे बोट दाखवलं.
त्याचं तोंड उघडंच राहिलं.

तेव्हापासून रोज अंधार पडला की
खाट अंगणात, डबा मांडीवर,
नाडी बघावी तसे डोळे मिटलेले.
सेल संपले तर माझ्यावर चिडतो.
मधेच सांगतो, 'आता बसली.' 'आता पाणी पेली.'
ठोक्यात तसलं काही नसतं.
मी मान हलवतो.

एक गोष्ट त्याला सांगायची राहिली.
मॅडमनं पहिल्याच दिवशी वहीत लिहायला लावलेली:
मिनिटाला चाळीस म्हणजे हालतंय.
सहा तास पट्टा जागचा हलला नाही
की आतलंच काहीतरी ठरवतं
आणि ठोके दुप्पट करतं. ऐंशी.
त्या कोल्ह्याच्या वेळी आम्ही पळत गेलो होतो,
मुंग्या आधी पोचल्या होत्या.
मेल्यावर ठोके वाढवायचे!
कोणाच्या डोक्यातून निघालं असेल हे.

आज सकाळी झिपरीचा भात टोपल्याखाली तसाच.
धान पिकलंय. डोंगराच्या अंगाला
रात्री काही लोक तारेत करंट सोडतात,
नाव कोणी घेत नाही, माहीत सगळ्यांना असतं.
मी काटा वर धरला, फिरलो,
पूर्व गेली, नाला गेला,
डोंगराशी आवाज भरला.

टक्टक्टक्टक्टक्.

बाबानं हात पुढे केलेलाच होता.
डबा घेतला, तळवा टेकवला.
भुवया वर गेल्या. कितीतरी वर्षांनी
मी त्याचे सगळे उरलेले दात पाहिले.
'पळून रायली!' बहिऱ्याच्या मोठ्या आवाजात तो ओरडला,
'लागली रे, मोठ्यामागं लागली! चाल!'

आणि निघालाच, काठी विसरून, धुऱ्यावरून,
डबा पोटाशी धरून.
मागे मी, काटा उचललेला.
आमच्या मधे हातभर वायर.

काटा जरा भलतीकडे वळवला
तर ठोके विरत जातील,
त्याला वाटेल, लांब गेली, रानात गेली.
एवढं मला येतं.

अजून वळवलेला नाही.